टोपलीखालचा नवरदेव

आज सांजेला देवापुढे दिवा लावून उठत होते, तेवढ्यात मागच्या खिडकीच्या जाळीवर थाप पडली. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. माणसाची थाप अशी नसते. माणूस थाप मारतो तेव्हा आपण कोण आहोत हेही त्याला सांगायचं असतं. ही थाप नुसती अंगानं धडकल्याची होती. मी हातातली काडेपेटी ओट्यावर ठेवली आणि मनात म्हटलं, आला.

तो तोच नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचं आयुष्य असतं जेमतेम आठवड्याचं. मागच्या वर्षीचा केव्हाच मातीत गेला असेल. पण पोळा चार दिवसांवर आलेला, हवेत ओल्या गवताचा आणि गोठ्याचा वास, बाजारात पोरांसाठी लाकडी नंदी मांडलेले, आणि अशा सांजेला तसाच खिडकीवर धडकणारा एक जण. मला मागचं वर्ष आठवायला एवढं पुरे झालं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं काम आहे. हे मागावर बसतात, मी सूत काढते. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळायचे, मऊ झाले की चार-पाच कोशांचे धागे एकत्र धरायचे आणि उघड्या मांडीवर तळहातानं वळत जायचे. मांडी उघडी असते म्हणून त्या खोलीत पुरुष येत नाहीत. म्हणून घरातली ती खोली मला सगळ्यांत जास्त आवडते. तिथे मी असते, उकडलेल्या कोशांची परात असते, आणि मला कोणी काही विचारत नाही.

तीस वर्षं मी कोसा उकळला, पण आतलं पाखरू जिवंतपणी नीट पाहिलं नव्हतं. उकळल्यावर आत जे राहतं ते पाहण्यासारखं नसतं. कधी एखादा कोसा आधीच फुटतो, पाखरू निघून जातं, आणि आम्ही त्या भोकाला शिव्या देतो, कारण फुटक्या कोशाचा धागा सलग निघत नाही. पाखरू आमच्यासाठी एक भोक होतं, बस.

मी मुळातच बोलत नाही. माहेर माझं चिखल्याचं. वडील मँगनीजच्या खाणीत होते, आम्ही कॉलनीत राहायचो. चौथीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन पवनीला विणकरांच्या मोहल्ल्यात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी बायकांनी माझी बोटं तपासली. सुताच्या कामाची आहेत की नाहीत ते पाहायला. मग केस पाहिले, दात पाहिले, पायाची टाच पाहिली. एकीनं माझ्या बोलण्याची नक्कल केली. तेव्हापासून मी ठरवलं की बोलणंच नको. वर्षभरात सासूबाईंनी मोहल्ल्यात जाहीर करून टाकलं, "पोरगी चांगली हाये, पण देवानं तिले तोंडच नाही देलं." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. मी पण ते कौतुक म्हणूनच घेतलं.

तर मागच्या वर्षी, पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी, प्रणाली आली. ही माझ्या भासऱ्यांची मुलगी, म्हणजे यांच्या मोठ्या भावाची. आईवडील भंडाऱ्याला, ही नागपूरच्या कॉलेजात किड्यांचा अभ्यास करते. आमच्या घराण्यात किडा मारून पोट भरलेले पुष्कळ, किडा वाचून पोट भरणारी ही पहिली. तिच्या हातात एक प्लॅस्टिकचा डबा होता, झाकणाला सुईनं पाडलेली भोकं. मला वाटलं तिच्या आईनं अनारसे पाठवले.

डब्यात कापसावर तीन कोसे होते. ते अंदमानातून आले होते. समुद्रातली बेटं, तिथलं जंगल, तिथल्या झाडावरचे रानकोसे. प्रणाली आपल्या सरांबरोबर तिथे दोन महिने राहून आली होती. हा कोसा आपल्याकडच्या कोशाचाच भाऊबंद आहे की वेगळी जात आहे, हे तिला नीट ओळखायचं होतं. जुन्या लोकांनी कधी एक म्हटलं, कधी वेगळं म्हटलं, असं तिचं म्हणणं. आता तिनं ठरवायचं होतं, आणि त्यावर तिचं ते पुस्तक, आणि त्या पुस्तकावर तिची पदवी. आपल्या गावच्या कोशाशी शेजारी ठेवून पाहायचं, म्हणून ती आमच्याकडे आली. तिच्याजवळ सरकारी परवानगीचा कागद होता. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की जिवंत कोसे बंद जागेत ठेवावेत. तिनं तो कागद मला दोनदा वाचून दाखवला. मी दोन्ही वेळा मान हलवली.

मी एकेक कोसा कानाजवळ धरून हलवला. आमची सवय. पहिला हलका, वाळलेला. दुसऱ्यात नुसती खुळखुळ, म्हणजे आतलं मेलं. तिसऱ्यात जड काहीतरी एकदाच इकडून तिकडे सरकलं आणि गप्प बसलं, जसं झोपेत कोणी कूस बदलावी. मी तो कोसा प्रणालीच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "हो काकू, हाच एक जिता हाये. यावरच सारं हाये माह्यं."

आपल्या कोशाला वर एक लांब देठ असतो आणि त्याच्या टोकाला कडं, ज्यानं तो फांदीला लटकतो. या कोशाचा देठ आखूड होता, कडं जाड, आणि रंग काळसर, चहा सांडलेल्या कापडासारखा. हातात घेताच मला वाटलं, हा आपला नाही. पण एका देठावरून कोणाची जात ठरवू नये, माझी तर एका टाचेवरून ठरवली होती. म्हणून मी बोलले नाही.

कोशाला पाहायला सगळ्यांत आधी सोमाजी आला. सोमाजी म्हणजे तळ्याकाठचा ढीवर, मासेमार जातीचा. रानात ऐनाच्या झाडांवर तो कोशाच्या अळ्या पोसतो आणि आम्ही त्याच्याकडून कोसे घेतो. वर्षातून दोनदा अळ्या झाडावर असतात, तेव्हा सोमाजीचा जणू चातुर्मास असतो. दाढी करत नाही, हळद-तेल खात नाही, स्वतःचं स्वतः रांधतो, बायकोशी बोलत नाही. बाईमाणसानं त्या रानात पाऊल टाकायचं नाही. अळीला तो अळी म्हणत नाही, देव म्हणतो. सासूबाई म्हणतात, "त्याची बायको सालातून दोन डाव सुखात राह्यते."

सोमाजीनं कोसा न शिवता चारी बाजूंनी पाहिला. मग विचारलं, "पोरगी हाये का पोरगा?"

प्रणाली म्हणाली, वजनावरून मादी वाटते.

"कोण्या झाडाची?"

तिनं झाडाचं नाव सांगितलं, ते आमच्यापैकी कोणाला कळलं नाही. सोमाजीनं एवढंच म्हटलं की मादी पाखरू निघालं तर पहिल्याच सांजेला फांदीला दोऱ्यानं बांधून बाहेर ठेवावं, नर आपोआप येतो. मादीला कुवारी मरू देऊ नये, वर्षभर रानाला लागतं ते. प्रणाली हसून म्हणाली की बाबा, हिला बाहेर नेता येत नाही, कागद आहे. सोमाजी कागदाकडे पाहून गप्प बसला. कागदापुढे तो नेहमीच गप्प बसतो. मी मात्र ऐकलं. न बोलणाऱ्या माणसाचं हेच वाईट असतं, सगळं आत जाऊन साठतं.

त्या आठवड्यात प्रणालीनं मला पुष्कळ शिकवलं. मी परातीपुढे बसले की ती दाराच्या चौकटीला टेकून बोलत राहायची. पाखराला खायला तोंड नसतं, ते काहीच खात नाही, अळी असताना खाल्लेल्यावर आठवडाभर जगतं. मी मनात म्हटलं, तोंड नसलेली आणखी एक. पंखांवर चार गोल डोळे असतात, त्यातून काचेसारखं आरपार दिसतं. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या, त्यांनी तो कोसभरावरून मादीचा वास घेतो. आणि जात कशी ओळखायची? पंख पाहायचे, शिरा पाहायच्या, डोळ्यांभोवतीच्या रेघा पाहायच्या. "पण काकू," ती म्हणाली, "पक्कं पाह्यचं असन तं नराचा शेपटाकडचा भाग भिंगाखाली पाहा लागते. मादीवरून पक्कं सांगता येत नाही. नर तपासल्याशिवाय जात ठरत नाही."

सासूबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "असं पुस्तकात लिवलं हाये?"

"हो आजी."

"भल्या घरचं पुस्तक दिसते," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हलत राहिल्या.

मग तो दिवस. प्रणालीच्या आईची दाढ दुखायला लागली, म्हणून ती सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेली. संध्याकाळी परत येते म्हणाली. जाताना कोसा मागच्या खोलीत मच्छरदाणीच्या कापडाच्या पिंजऱ्यात टांगला, आणि मला तीन गोष्टी सांगितल्या. निघालं तर हात लावू नको. जाळी उघडू नको. मला फोन कर.

संध्याकाळची एसटी आली नाही. पाखरू निघालं.

आधी देठाकडचं टोक ओलं झालं, मग तिथून एक मळकट, सुरकुतलेलं काहीतरी बाहेर आलं, बाळंतपणात येतं तसं, डोकं आधी. मग ते जाळीला धरून लटकलं, आणि पंख हळूहळू उघडत गेले, घडी मोडलेल्या साडीसारखे. हळदीत थोडा कुंकवाचा हात लागावा असा रंग. आणि ते चार डोळे. एका डोळ्यातून मला पलीकडची भिंत दिसली, भिंतीवरचा खिळा दिसला. ज्या वस्तूला मी तीस वर्षं भोक म्हणत आले होते, ती ही होती. मी तिथेच जमिनीवर बसले.

फोन करायचा होता. घरातला मोबाइल मी कधी लावला नव्हता. आलाच तर "हो" म्हणून सासूबाईंकडे द्यायचे. हे बाजारात गेले होते. मी नंबर लावला. पलीकडून एक बाई अत्यंत सभ्य आवाजात बोलायला लागली. मी ती बोलणं संपवेपर्यंत ऐकलं, मध्ये तोडलं नाही. तिनं तेच हिंदीत सांगितलं, तेही ऐकलं. मग इंग्रजीत. मग मी तिला "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. प्रणालीचा मोबाइल बंद होता.

इकडे पाहुणीनं शेपटाचं टोक वर उचललं आणि स्थिर बसली. मला काही वास आला नाही. पण थोड्या वेळानं खिडकीच्या जाळीवर थाप पडली. मग आणखी एक. बाहेर तिघे-चौघे धडकत होते, फिरून येत होते, पुन्हा धडकत होते. सासूबाई टीव्हीसमोरून ओरडल्या, "काय वाजून राह्यलं वो?" मी सांगितलं. त्या आल्या, खिडकीतून पाहिलं, आत पाहिलं, आणि म्हणाल्या, "दारात वर उभे, आन तू पोरीले जाळीत कोंडून बसली. इतक्या दूरची लेक आपल्या घरी आली, तिचं असं कराचं?" आणि मालिका चालू होती म्हणून परत गेल्या.

मी तिथे उभी राहिले. मला माझी पहिली सांज आठवली. नव्या घरात, एका कोपऱ्यात, आणि सगळे येऊन पाहून जात होते. कोणी बोटं, कोणी दात. ही तर समुद्र ओलांडून आली होती, हिला भिंगाखाली पाहणार होते, आणि आठवड्यात ही मरणार होती. कागद मला पाठ होता. सोमाजीचं बोलणंही पाठ होतं. दोन्हींत काय खरं, हे विचारायला घरात कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी विचारलं नसतं.

यांच्या मागावरून वीतभर सूत तोडून आणलं. कोशाचंच. तिच्याच भाऊबंदांना उकळून काढलेलं, पण त्या वेळी ते सुचलं नाही. जाळी उघडली. तिच्या पंखाच्या मुळाशी सैल गाठ मारली, परसात बोरीच्या फांदीला बांधलं, आणि पळत घरात आले. असं पळत मी लग्नानंतर कधी गेले नव्हते.

पहाटे उठून पाहिलं तर दोघं शेपटाला शेपूट लावून बसलेली. नर जुन्या कौलाच्या रंगाचा, मिशा दाढीच्या ब्रशासारख्या. मी त्याला नीट पाहिलं, नवरदेवाला पाहावं तसं. मग उजाडताना तो सुटला, दोन गिरक्या घेतल्या आणि तळ्याच्या दिशेनं निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही. मी पाहुणीला सोडवून पिंजऱ्यात ठेवलं, जाळी लावली आणि चहा टाकला. जसं काही झालंच नाही.

प्रणाली पहिल्या एसटीनं आली. पिंजरा पाहून आधी आनंदली. मग वाकून पाहिलं, पंखाच्या मुळाशी राहिलेला सुताचा तुकडा पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या भांड्याकडे पाहिलं.

"काकू, हे बाहेर नेली होती?"

मी मान हलवली.

"नर आला होता?"

मान हलवली.

"गेला?"

ती जमिनीवर बसली, जिथे आदल्या सांजेला मी बसले होते तिथेच. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती बोटांवर मोजत होती. एकच जिवंत मादी, परवानगीचा कागद, वर्षभराचं काम, सरांचा विश्वास. मला वाटलं जमिनीनं फाटून मला घ्यावं. सासूबाईंनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, "लगन लागून गेलं बाई, आता पंचायत बसवून काय उपेग?" प्रणालीनं सरांना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ मोठा आवाज येत होता. मग आवाज लहान झाला. मग प्रणालीनं फोन माझ्यापुढे धरला. "तूच पाह्यलं. तूच सांग."

मी दोन पावलं मागे सरले. मागे चूल होती. आणखी सरता आलं नाही.

सर दमानं बोलणारे होते. पाखरू सुटून कुठे उडालं का? नाही, बांधलेलं होतं. नर किती आले? चार. तिघे खिडकीवर धडकून परत गेले, चौथा बोरीवर बसला. कोणत्या बाजूनं? तळ्याच्या. किती वाजता? मी म्हटलं, दूध उतू गेलं त्याच्यानंतर. त्यांनी विचारलं, दूध किती वाजता उतू गेलं? मी म्हटलं, सासूबाईंची मालिका सुरू झाली तेव्हा. मालिकेचं नाव विचारलं, मी सांगितलं. "माझी आईसुद्धा पाहते," सर म्हणाले, आणि त्यावरून वेळ लिहून घेतली. मिशा कशा होत्या, रंग कसा, पंखाला फाटलेली कड होती का, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा माझा घसा दुखत होता. एवढं सलग मी जन्मात बोलले नव्हते.

सर म्हणाले होते, झालं ते चुकीचं झालं, असं पुन्हा होऊ नये. पण आपले नर तिच्या वासाला आले, ही मोठी गोष्ट आहे. अंडी घालेल तर डबीत बंद ठेवायची, बाहेर न्यायची नाही, आणि रोज काय दिसतं ते लिहून ठेवायचं. ते लिहायचं काम प्रणालीनं मला दिलं. एक मोठी वही दिली, रेघांची. मला ती शिक्षा वाटली, आणि शिक्षा मिळाली म्हणून बरं वाटलं.

पाहुणीनं तीन दिवस अंडी घातली. चपटी, गोल, मसुरीसारखी. मी लिहिलं, "आज अंडी दिली. तब्येत बरी." दुसऱ्या दिवशी, "आज पण दिली. थकली आहे." मी साखरेच्या पाण्यात कापूस बुडवून तिच्यापुढे ठेवला, तोंड नाही हे माहीत असून. घरी आलेल्याला विचारावं तरी. पाचव्या दिवशी ती गेली. प्रणालीनं तिला टाचणी लावून पंख पसरून डबीत ठेवलं. मी वहीत लिहिलं, "आज पाहुणी गेली," आणि त्या दिवशी परातीपुढे बसले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं.

मग अंड्यांची वाट. आपल्या कोशाची अंडी नवव्या-दहाव्या दिवशी फुटतात. अळ्या निघाल्या, जगल्या, तर बेटावरचा कोसा आणि आपला कोसा समजत होते त्यापेक्षा जवळचे. नाही निघाल्या तर दूरचे असतील. प्रणाली पुन्हा पुन्हा सांगायची की एका जोडीवरून काही पक्कं ठरत नाही, तरी पण तीच दिवसातून दहा वेळा डबीत डोकावायची. मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत झालं होतं. पाणी भरायला गेलं की विचारायच्या, "काय वो, सुनबाईले दिवस गेले का नाही?" सोमाजी येऊन दुरून अंडी पाहून गेला. त्याला माझा फार आदर वाटायला लागला होता. कागदापुढे न वाकलेली पहिली बाई मी, असं तो तळ्यावर सांगत फिरला.

आठ, नऊ, दहा. काही नाही. अकराव्या दिवशी अंड्यांच्या मधोमध खळगा पडायला लागला, पिचलेल्या दाण्यासारखा. बाराव्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या जेवायच्या होत्या. देवघरात दोघी उभ्या, नेसवलेल्या, पुढे त्यांची बाळं मांडलेली. मोहल्ल्यातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, आंबील प्यायल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून डबी मागवली. ती हातोहात फिरली.

"सारे पोचट," एक म्हणाली.

"बाहेरची आणली का असंच होते. माती मानवत नाही."

"पोरगीच तशी असन. रंग पाह्यला होता का तिचा?"

आणि आमच्या शेजारची जी आहे, तिनं जीभ चावून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच बाळांकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. मला मूल नाही. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या डॉक्टरीण बाईंकडे मी गेले, आयुर्वेदाकडे गेले, कोणत्या कोणत्या देवाला गेले. पोटावर किती जणींनी हात फिरवून पाहिलं, मोजलं नाही. सगळ्या चिठ्ठ्यांवर नाव माझं.

मी तेव्हा पंगतीत भात वाढत होते. मला बोलायचं नव्हतं. पण गेल्या पंधरवड्यात माझ्या तोंडाला बोलायची वाईट सवय लागली होती.

मी म्हटलं, "दोष तिचाच काहून? ते तं भिंगाखाली गेली, टाचणीवर गेली. नवरदेव आपल्या गावचा होता. त्याले कोणी तपासलं?"

पंगत थांबली. बाहेर ओसरीवर हे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. प्रणालीनं हातातला घास खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "काकू बरोबर बोलून राह्यली. नर पाह्यलाच नाही आपण. दोष कोणाचा, सांगताच येत नाही."

सासूबाई देवघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलाच्या पाठीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "भात थंडा होऊन राह्यला. वाढ."

ती अंडी शेवटी उकळत्या पाण्यात टाकायची होती. सरांनी तसं सांगितलं होतं. उकळायचं काम म्हटलं की ते माझं. मी टाकली. वहीत लिहिलं, "आज संपलं."

दोन दिवसांनी मी सूत वळत बसले होते, तर दारात सावली पडली. हे आत आले. तीस वर्षांत त्या खोलीचा उंबरा यांनी ओलांडला नव्हता. मी घाईनं लुगडं खाली ओढलं. यांनी प्रणालीचं भिंग आणलं होतं, ते परातीजवळ ठेवलं. उभेच राहिले. माझ्याकडे न पाहता, भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहत म्हणाले, "पाह्यचं असन तं पाह्य मले."

मी वर पाहिलं. यांचे कान लाल झाले होते. आणि मग मला हसू आलं, ते थांबेना, आणि हेही हसले, आणि मागच्या ओट्यावरून सासूबाई ओरडल्या की दिवसाढवळ्या काय चाललं आहे. भिंग तसंच परातीजवळ राहिलं. त्या दिवशी एक धागा धड निघाला नाही.

प्रणालीनं यंदा उन्हाळ्यात तिचं लिहिलेलं मला दाखवलं. इंग्रजीत होतं, तिनं अर्थ सांगितला. बेटावरचा कोसा वेगळी जात दिसतो, असं तिला पुष्कळ गोष्टींवरून वाटतं. तिथून आणलेला सरांकडचा नर भिंगाखाली पाहिला, त्यावरून. आमच्या परसातल्या लग्नाला एक पानही पुरं मिळालेलं नाही. मादीबद्दल सगळं लिहिलं आहे, लांबी, रंग, डोळे, अंडी, खळगे. त्याखाली एक ओळ आहे. ती तिनं मला मराठीत वाचून दाखवली: नर तपासता आला नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ती म्हणाली, आता तिला आपल्या रानातला एक नर पाहिजे, शेजारी ठेवून दाखवायला. मिळाला तर कळव. तिला वाटलं मी सोमाजीकरवी कळवीन.

आज थाप पडली तेव्हा मी आधी दिवा सारखा केला. मग पाठीमागच्या दारानं बाहेर गेले. तो जाळीवर बसला होता, कौलाच्या रंगाचा, मिशा पसरून कोणाचा तरी वास शोधत. आत कोणी नव्हतं. मागच्या वर्षीचा पिंजरा तेवढा तिथे टांगलेला आहे. त्या पिंजऱ्यात अजून वास उरला आहे की हा नुसता दिव्याला भुलला, मला कळत नाही. मी त्याला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं आणि तांदळाच्या टोपलीखाली झाकलं. आतून तो अजून धडका मारतो आहे. वहीतली पानं उरली होती म्हणून त्याच्या शेजारी बसून हे लिहिते आहे.

लिहायच्या आधी फोन केला. मी केला. ती सभ्य बाई आज बोलली नाही, प्रणालीच बोलली. आधी तिला वाटलं घरात कोणाचं काही बरंवाईट झालं, कारण माझ्या हातून फोन लागला होता.

"काकू, काय झालं? कोणी आजारी हाये का?"

मी म्हटलं, "सारे बरे हाये. उद्याच्या पहिल्या एसटीनं ये, भिंग घेऊन. नवरदेव सापडला. या खेपेले पहिले याले तपासू."

ओसरीवर हे बसले होते. खोकले, पण उठून गेले नाहीत.